रिकामे ताट

आमच्या घरी पितळेचे एक ताट होते. त्याच्या काठाला एका जागी पोचा आला होता आणि मधोमध आजीचे नाव ठिपक्याठिपक्यांनी घातलेले होते. रोजच्या जेवणाला ते कधी कोणी घेत नसे. शेजारी फराळ पोहोचवायचा असला की ते फळीवरून खाली येई, चिंचेने घासले जाई, भरले जाई आणि वर विणलेला रुमाल घालून माझ्या हातात पडे. "सरळ जा, सांडू नकोस, आणि ताट घेऊनच ये," असे आई बजावी.

ते ताट रिकामे कधी परत येत नसे. ज्या घरी जाई त्या घरची बाई फराळ काढून घेई, ताट धुऊन पुशी आणि त्यावर काहीतरी ठेवी. दोन केळी, मूठभर शेंगदाणे, आणि अगदीच काही नसले तर चमचाभर साखर. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, हा बायकांचा कायदा. तो कोणत्या पोथीत लिहिला आहे मला ठाऊक नाही, पण माझ्या आईने तो कधी मोडला नाही आणि चाळीत दुसऱ्या कोणी मोडलेलाही मी पाहिला नाही.

त्या चमचाभर साखरेचा मी अलीकडे पुष्कळ विचार करतो. ती साखर म्हणजे काय? माया की परतफेड? 'तुझे पोहोचले' असे ती सांगते, की 'तुझे माझ्यावर काही राहिले नाही' असे बजावते? मार्सेल मॉस या फ्रेंच विद्वानाने १९२५ साली भेटीवर एक मोठा निबंध लिहिला. जगभरच्या जुन्या समाजांचे रिवाज तपासून त्याने दाखविले की, भेटीच्या पोटी तीन बंधने असतात: द्यावे लागते, घ्यावे लागते आणि फेडावे लागते. आमच्या चाळीतल्या बायकांना यातले पहिले आणि तिसरे बंधन उत्तम अवगत होते. मधल्याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष नसे. घेणे हेही एक काम आहे आणि ते कधी कधी देण्याहून अवघड असते, हे मला समजायला चाळिशी ओलांडावी लागली. त्याचीच ही हकिगत.

आमची चाळ ठाण्याला तलावपाळीजवळ होती. मासुंदा तलावाच्या काठी कौपिनेश्वराचे देऊळ, आणि तलावापासून हाकेच्या अंतरावर सेंट जॉन द बॅप्टिस्टचे जुने चर्च. देवळातली घंटा आणि चर्चमधली घंटा ऐकतच आम्ही वाढलो. आमच्या भिंतीला भिंत लागून एक ख्रिस्ती कुटुंब राहात होते. त्या घरच्या बाईंना आम्ही मुले मावशी म्हणत असू. त्या स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवीत. मला लहानपणी वाटे, हे लोक कुठून तरी पूर्वेकडून आले असावेत! पुढे कळले की, ते आमच्याहूनही जुने ठाणेकर. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, त्या काळात त्यांच्या पूर्वजांनी धर्म बदलला. १७३७ साली ठाणे आणि १७३९ साली वसई मराठ्यांनी जिंकून घेतली. राज्ये आली आणि गेली. माणसे आपल्या शेतांत, आपल्या मराठीत जिथल्या तिथे राहिली. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली संस्था काढली तेव्हा घेतले. गोव्याहून आणि मंगळुराहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींपासून आपण वेगळे, इथलेच, हे ओळखू यावे म्हणून.

दिवाळीला आमचे ताट मावशींकडे जाई आणि नाताळात त्यांचे आमच्याकडे येई. त्यांच्या ताटात कलकल असत, केकचे तुकडे असत, आणि नेवऱ्या असत. नेवरी म्हणजे आमची करंजीच. तेच पुरीचे पोट, तेच आत खोबऱ्याचे सारण, तीच कातण्याने कातरलेली कड. दिवाळीला आमच्या दारून निघालेली करंजी दीड महिना कुठेतरी पाहुणचार घेऊन नाताळात नाव बदलून परत आली आहे, असे मला वाटे. माझी आजी मात्र त्या ताटातले काही खात नसे. "अंड्याचे असेल बाई," ती म्हणे. नेवरीत अंडे नसते हे तिला पक्के ठाऊक होते. पण ठाऊक नसल्याचे सोंग सोयीचे होते. मुलांना चालते, असा निकाल देऊन ती ताट आमच्याकडे सरकवी. घेण्याला नकार देण्याची ही एक सभ्य रीत. मी ती पहिल्यांदा आजीत पाहिली.

मुलांचा व्यवहार याहून सरळ होता. दिवाळीत आम्ही अंगणाच्या कोपऱ्यात किल्ला करीत असू. माती, दगडविटा, वर पेरलेली मोहरी, आणि मातीचे मावळे. दिवाळी सरली की किल्ल्याची माती मावशींच्या दारी जाई, कारण डिसेंबरात त्यांच्याकडे नाताळचा गोठा होई. गोठ्याला डोंगर हवा, तो आमच्या किल्ल्याच्या मातीचा. आणि गोठ्याला मेंढपाळ हवेत. ते त्यांच्याकडे दोनच होते. म्हणून माझे तीन मावळे दरसाल तिथे मेंढपाळ म्हणून उभे राहात. ढाल-तलवारीनिशी! बाळ येशूच्या जन्माला शिवाजी महाराजांचे मावळे पहाऱ्याला, हे दृश्य मावशींना खटकले नाही आणि आम्हांलाही खटकले नाही. एका वर्षी मी म्हणालो, "मावशी, आता हे मावळे तुमच्याकडेच राहू द्या." त्यांनी ते लगेच घेतले. "बरं झालं बाबा, मला दरवर्षी मागायला नको," असे म्हणाल्या. बदल्यात काही दिले नाही, की द्यायला हवे असेही त्यांना वाटले नाही. मला फार मोठे झाल्यासारखे वाटले होते, एवढे आठवते.

१९९० साली मी पाचवीत होतो. त्या वर्षी वडिलांच्या कारखान्याला टाळे लागले. पावसाळ्यापासून पगार नव्हता. दिवाळीला फराळ झाला, पण आईने ताट भरताना चकल्या मोजून ठेवलेल्या मी पाहिल्या. शाळेत कवायतीच्या तासाला पांढरे कॅनव्हासचे बूट लागत. माझे फाटले होते आणि अंगठा बाहेर येई. मी कवायतीच्या दिवशी पोट दुखत असल्याचे सांगून वर्गात बसे. घरी कोणाला बोललो नव्हतो. मावशींच्या मुलीला मात्र ते ठाऊक होते, कारण ती माझ्याच शाळेत होती.

डिसेंबरात गोठा मांडताना मावशींनी मला वर्तमानपत्राच्या कागदावर उभे केले आणि पेन्सिलीने पावलाभोवती रेघ ओढली. "डोंगरावर तळं करायचंय, त्याचं माप," म्हणाल्या. तळे पावलाच्या आकाराचे कसे, असा प्रश्न मला पडला नाही. नाताळच्या सकाळी त्यांचे ताट आले. रुमालाखाली नेवऱ्या होत्या, कलकल होते, आणि त्यांच्या शेजारी कागदात गुंडाळलेले पांढरे बूट होते. मी ते पायात घातले. बरोबर बसले.

वडिलांनी मला ते काढायला लावले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. बूट परत कागदात गुंडाळून ते स्वतः शेजारी गेले. मी दारात उभा राहून ऐकत होतो.

"बाई, फराळ ठेवून घेतला. हे नको."

"भाऊ, पोरासाठी आहे. सणाचं आहे."

"तुम्ही मला भाऊ म्हणता. भाऊ देतो, घेत नाही."

मावशी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग मला ओवाळणी द्या, भाऊ. एवढं ठेवून घ्या, हीच ओवाळणी समजा."

वडिलांनी बूट त्यांच्या चौरंगावर ठेवले आणि ते परत आले. आईने धुतलेल्या ताटात साखर घातली होती. ती तिने दोन चमचे घातली, हे मी पाहिले.

त्यानंतर भांडण झाले नाही. ताटे जात-येत राहिली. पण मावशींच्या ताटात पुन्हा कधी फराळावेगळे काही आले नाही, आणि त्या वडिलांना भाऊ म्हणायच्या थांबल्या. काही वर्षांनी वडिलांना दुसरी नोकरी लागली, चाळ सुटली, आम्ही डोंबिवलीला आलो. मावशींची मुलगी लग्न होऊन कल्याणला गेली. पुढे मावशी वारल्या. वडील त्यांच्या मातीला गेले होते. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले आणि कोणाशी न बोलता परत आले.

वडिलांचे चुकले असे मला पुष्कळ वर्षे वाटले नाही. उलट त्यांचा अभिमान वाटे. आपल्या भाषेत 'मिंधा' हा शब्द शिवीच्या जवळपासचा आहे. धर्मशास्त्रानेही प्रतिग्रहापासून, म्हणजे दान घेण्यापासून, जपून राहायला सांगितले. फार घेणाऱ्याचे तेज कमी होते म्हटले. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. परतफेड करू न शकणाऱ्याला, कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. देणाऱ्याने मन कसे ठेवावे ते तिथे सांगितले आहे. पण ज्याच्याकडून परतफेड होऊ शकत नाही त्या माणसाने, त्या क्षणी, मान वर ठेवून कसे घ्यावे? त्याला आपण वाऱ्यावर सोडले. म्हणून मग तो आपल्या परीने मार्ग काढतो: आहेराच्या वहीत आकडे टिपून ठेवतो, साखर दोन चमचे घालतो, नाहीतर बूट परत करतो. आजकाल तर हिशेब आणखी सोपा झाला आहे. सोनपापडीचा एक डबा या घरातून त्या घरात, त्या घरातून तिसऱ्या घरात, न उघडता फिरत राहतो. देणे फिटते आणि घेतले मात्र कोणीच नसते!

२०२३ ची गोष्ट. मी डोंबिवलीत शाळेत शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीआधी एका विद्यार्थिनीची आई मला भेटायला आली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. तिच्या मुलीला वाचन जमत नव्हते. शाळा सुटल्यावर काही महिने मी तिला घेऊन बसलो होतो आणि मुलगी वाचू लागली होती. बाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "सर, थोडा फराळ आहे."

पालकांकडून काही घ्यायचे नाही, हा माझा नियम आहे. तो मी हसून सांगितला. मी कोणाकडूनच घेत नाही, गैरसमज करून घेऊ नका, वगैरे. बाईंनी डबा पुन्हा पिशवीत ठेवला. जाता जाता, माझ्याकडे न बघता, त्या म्हणाल्या, "आमच्या हातचं चालत नसेल."

"तसं नाही हो," असे मी म्हणालो. पण त्या फाटकाशी पोहोचल्या होत्या. माझ्या मनात तसे काही नव्हते, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण आजीचे 'अंड्याचे असेल' आणि माझा 'नियम', हे त्या बाईच्या बाजूने पाहिले तर एकसारखेच दिसतात, त्याला मी काय करणार? आपल्या समाजात कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या हातचे नाही, यावर माणसांची उंची मोजली गेली आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना आठवेल, टिळक ख्रिस्ती झाल्यानंतर दुसऱ्याच्या हातचे अन्नपाणी हा त्या माउलीला केवढा डोंगर होता आणि तो तिने कसा ओलांडला. ज्याच्या हातचे घेतले त्याला आपण आपल्या बरोबरीला बसवले. न घेण्याचा अर्थही मग आपोआप ठरतो. आपल्या मनात तो असो वा नसो.

कोणी म्हणेल, मग लाचही घ्यावी काय? नाही. ज्या डब्याबरोबर 'माझ्या मुलीकडे लक्ष असू द्या' येते, तो परतच करावा. त्यात भेट कमी आणि सौदा जास्त असतो. पण त्या बाईंच्या मुलीला वाचायला येऊ लागले होते. मला द्यायचे ते मी देऊन झालो होतो. त्यांना माझ्याकडून काही नको होते. 'मीही देऊ शकते' एवढेच त्यांना म्हणायचे होते, आणि ते म्हणायची जागा मी त्यांना दिली नाही. सहा महिने मी दाता झालो होतो. एका संध्याकाळपुरते त्यांना दाता होऊ देणे मला जमले नाही.

त्या रात्री नाताळाच्या गोष्टीचा मी नव्याने विचार केला. आपण सांताक्लॉज ओळखतो तो दुकानाच्या दारातला. तो ज्यांच्यावरून आला ते संत निकोलस चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे बिशप होते. त्यांची आख्यायिका अशी: एका बापाच्या तीन मुली, आणि लग्नाला पैसा नाही. निकोलस यांनी रात्री अंधारात खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. असे तीनदा केले. अंधारातच का? बापाला मान खाली घालावी लागू नये म्हणून. आपल्याकडे यालाच गुप्तदान म्हणतात. मावशींनी पावलाचे माप 'तळ्यासाठी' घेतले, त्यातली युक्ती हीच होती.

पण नाताळाचा गाभा त्याहूनही आधीचा. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळाला सोने, ऊद आणि गंधरस वाहतात. त्या प्रसंगी बाळ काय करते? काही नाही. ते घेते. मेंढपाळ येतात, ज्ञानी येतात, आणि ज्याला सगळ्या जगाचा दाता म्हणायचे तो इतरांच्या गोठ्यात, इतरांच्या हातचे घेणारा होऊन पडलेला आहे. हे मी ख्रिस्ती नसताना मला समजले, कारण आमच्याकडेही तेच आहे. सुदाम्याच्या काखेतले पोहे कृष्णाने वाट न बघता ओढून घेतले. द्वारकेत पोह्यांची वाण नव्हती. ते घेतले नसते तर सुदामा याचक म्हणून आला आणि याचक म्हणून गेला असता. घेतले, म्हणून तो मित्र म्हणून घरी गेला. देवालाही माणसाला मोठे करायचे असले तर आधी हात पुढे करावा लागतो.

डब्याची हकिगत मी घरी सांगितली. वडील पंचाहत्तरी ओलांडलेले. हल्ली बहुतेक गप्प असतात. बराच वेळ त्यांनी काही म्हटले नाही. मग म्हणाले, "तिनं माझ्याकडं ओवाळणी मागितली होती. आयुष्यात एकदाच. मी दिली नाही."

तेहेतीस वर्षांत त्या बुटांचा विषय त्यांनी पहिल्यांदा काढला होता.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मी त्या बाईंना निरोप पाठवून बोलावले आणि म्हटले, "माझा डबा राहिलाय." त्या हसल्या नाहीत. "आता फराळ संपला, सर," म्हणाल्या. दोन दिवसांनी बाजरीच्या भाकऱ्या आणि ठेचा आला. मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत खाल्ला. नियम मोडला, डबा धुऊन परत दिला, आणि त्यात साखर घातली नाही. मुद्दामच.

त्या वर्षी नाताळच्या सकाळी वडिलांनी आईकडे ते पितळेचे ताट मागितले. आईला वाटले, काहीतरी करून न्यायचे आहे. ती चिवड्याचा डबा काढू लागली. "नको. रिकामंच दे," वडील म्हणाले.

"रिकामं ताट घेऊन कोणाकडं जाता?"

"मागायला चाललोय."

डोंबिवलीहून कल्याण फार लांब नाही. मधे फक्त ठाकुर्ली. मावशींच्या मुलीने दार उघडले. वडिलांनी रुमालाखालचे रिकामे ताट पुढे केले आणि म्हणाले, "तुझ्या आईकडून एक गोष्ट घ्यायची राहिली होती. आता तू देशील ते दे." तिने प्रश्न विचारला नाही. ताट आत नेले आणि नेवऱ्यांनी भरून आणले. वडिलांनी तिथेच एक उचलून तोंडात घातली.

खोलीच्या कोपऱ्यात गोठा मांडला होता. गवत, दिव्यांची माळ, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मेंढ्या. आणि मेंढपाळांच्या रांगेत, कडेला, तलवार मोडलेला एक मातीचा मावळा उभा होता. "दोन फुटले," ती म्हणाली. "हा एक राहिलाय. आई दरवर्षी आधी यालाच मांडायची."

वडील कितीतरी वेळ त्या मावळ्याकडे बघत बसले. एका लहान मुलाने दिलेली मातीची वस्तू त्या घराने इतकी वर्षे आपली म्हणून ठेवून घेतली होती, आणि त्याचे ओझे त्यांना एक दिवसही वाटले नव्हते.

परतताना गाडीला गर्दी होती. ताट मी मांडीवर धरले होते. ते घरी भरून आले आणि आम्ही त्याच्या बदल्यात काही दिले नव्हते. वडील खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जड वाटत नाही, नाही का?"